गौताळ्यातला गाईड: पैसे वसूल, जीपवाला मात्र नको रे बाबा

संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडच्या बाजूनं गौताळ्यात जाणार असाल तर गावातलाच गाईड घ्या, आम्ही घेतला अन् खरंच भारी काम झालं. 1986 चं अभयारण्य आहे हे, साधारण 260 चौरस किमी, 2021 ला यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत चालत वाघ इथं आला तेव्हा पेपरात लई गाजलं होतं, पण वाघ दाखवतो असली थाप यानं मारली नाही हे आवडलं. पाणवठ्याच्या काठी ओल्या मातीत बिबट्याचा पंजा दाखवला, त्यात नखं उमटत नाहीत, अन् बाजूलाच तरसाचा होता त्यात नखं एकदम क्लिअर. मग जाळरेषा दाखवली, उन्हाळ्याआधीच गवताची पट्टी मुद्दाम जाळून ठेवतात म्हणजे वणवा पुढं सरकत नाही. माकडांना बिस्किटं टाकायला निघालेल्या आमच्या मामांना त्यानं तिथंच गप केलं, मस्त!

जीप दुसऱ्याकडून घेतली होती, तो सारखा हॉर्न वाजवायचा अन् गाणी फुल्ल. त्याला एकच स्टार. अन् हो, बिडी-काडी घरीच ठेवून या, गाईड खिसे चेक करतो.