२ जीबीला अँटीएक्स, ४ जीबीला मिंट: जुन्या लॅपटॉपसाठी हलकी लिनक्स

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायची म्हटलं की "सगळ्यात हलकी डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) टाका" असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. अँटीएक्स २३ या अगदी हलक्या डिस्ट्रोचा डेस्कटॉप समोर येतो तेव्हा साधारण २०० ते २५० एमबी रॅम गेलेली असते, मिंट एक्सएफसीईमध्ये (मिंट डिस्ट्रोची हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती) ७०० ते ९०० एमबी. पण फायरफॉक्समध्ये मेल आणि यूट्यूब एवढंच उघडलं तरी दोन्हीकडे आणखी एक जीबीच्या आसपास रॅम ब्राउझर खातो. मशीन कशाने दमतं ते इथेच कळतं. २ जीबी रॅमच्या मशीनवर अँटीएक्सने वाचवलेले पाचेकशे एमबी लाखमोलाचे, ४ जीबीवर त्यांचं फारसं कौतुक नाही.

४ जीबी असेल तर सरळ मिंट २२ एक्सएफसीई घ्यावी. एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, ड्रायव्हर मॅनेजर हाताशी असतो आणि घरातल्या कुणालाही वायफाय जोडताना विचारावं लागत नाही. अँटीएक्समध्ये नेमकं तेच विचारावं लागतं. तिथे वायफायचं काम कॉनमॅन या प्रोग्रॅमकडे आहे आणि त्याची खिडकी नवख्याला गोंधळात टाकते. आइसडब्ल्यूएम या तिथल्या डेस्कटॉपचा मेन्यूही लांबलचक, एकेका कामाला दोन-दोन प्रोग्रॅम. दिसायला ओबडधोबड, पण माउस हलवला की लगेच हलतो.

प्रोसेसर आधी तपासा. चालू लिनक्समध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की तो ३२ बिट आहे की ६४ ते दिसतं. कोअर टू ड्युओ ६४ बिट आहे, ॲटम एन२७० सारखे नेटबुकचे प्रोसेसर फक्त ३२. मिंट २२ ला ६४ बिटच लागतो. अँटीएक्स ज्या डिस्ट्रोवर बेतलेली आहे त्या डेबियनमध्ये १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलरच बंद झाला. अँटीएक्स २३ डेबियन १२ वर उभी असल्याने तिथे ३२ बिटची आवृत्ती मिळते. मात्र ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स १४४ ही शेवटची आवृत्ती, पुढच्या येत नाहीत. असं मशीन टायपिंग आणि गाण्यांपुरतं ठेवावं, बँकेची कामं त्यावर करू नयेत.

इन्स्टॉल करण्याआधी व्हेंटॉय (एका पेनड्राइव्हवरून अनेक डिस्ट्रो सुरू करणारं साधन) टाकलेल्या एका पेनड्राइव्हवर दोन्हींच्या आयएसओ फायली ठेवा आणि लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवून वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, झाकण मिटल्यावरची झोप हे सगळं बघा. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर नेटवर्क न दिसण्याची शक्यता बरीच. काही चिपचं फर्मवेअर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) परवान्यामुळे सोबत देता येत नाही, ते नेटवरूनच उतरवावं लागतं. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) सुरू करा. लिनक्सला ते वायरचं कनेक्शन वाटतं. वायफाय जोडलं तरी एकही साइट उघडेना, सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) चूक दिसते? मग तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि ब्राउझर सगळी सर्टिफिकेटं नाकारतो.

यूट्यूब अडखळण्यामागे डिस्ट्रो क्वचितच असते. साइट व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवते, जुन्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. जुन्या एच.२६४ फॉरमॅटमध्येच व्हिडिओ मागवणारं 'एच२६४इफाय' हे ब्राउझर एक्स्टेन्शन टाकून ७२०पी दर्जावर थांबावं.

हार्ड डिस्क तशीच ठेवून डिस्ट्रो बदलत बसण्यात मात्र अर्थ नाही. अडीच इंची साटा एसएसडी टाकल्याने जो फरक पडतो तो कुठल्याही डिस्ट्रोने पडणार नाही. १२० जीबीची पुरते, जुना साटा २ पोर्टही चालतो. रॅम वाढवताना व्होल्टेज बघा. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल बहुधा १.५ व्होल्टच्या स्लॉटमध्ये चालते, उलटं सहसा जमत नाही.

पपी लिनक्स ही आणखी एक हलकी डिस्ट्रो अख्खी रॅममध्ये चालते, त्यामुळे बंद पडलेल्या मशीनमधून फायली काढायला उत्तम. पण ती थेट रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यातून, चालते, रोजच्या वापराला नको.

मराठीसाठी दोन्हीकडे देवनागरी फॉन्ट आहेत का ते बघा, नसतील तर 'फॉन्ट्स-देवा' पॅकेज टाका. इन्स्क्रिप्ट (देवनागरीचा प्रमाणित कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्ड लेआउटमधला मराठी पर्याय पुरतो. फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून मराठी) हवं तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन पॅकेज लागतं. मिंटमध्ये ते सेटिंगमधून सुरू होतं. अँटीएक्समध्ये डेस्कटॉप-सेशनच्या स्टार्टअप फाइलमध्ये आयबस डीमनची (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) ओळ हाताने लिहावी लागते, नाहीतर रीस्टार्टनंतर मराठी गायब.