362 फुटांत पाच माणसं: आमच्या मॉड्युलर फर्निचरचा अनुभव

दुकानाचं नाव लिहीत नाही. थोडी नावं ठेवायची आहेत, म्हणून नाव नकोच. काम मात्र एकंदरीत पटलं.

आमचा वन बीएचके नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ, चौथ्या मजल्यावर. करारात कार्पेट 362 स्क्वेअर फूट. फ्लॅट दाखवताना आकडा पाचशेच्या पुढचा सांगितला होता. जिना, लिफ्ट, भिंती सगळं त्यात धरलेलं. माणसं पाच: मी, बायको, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि आई. मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजणारा व्हर्निअर हातात असतो, त्यामुळे सुतार मंडळींना मी फारसा आवडत नाही.

आधी दोन ठिकाणी एस्टिमेट घेतलं. दोघांनीही हॉलमध्ये भिंतीत उभा होणारा पलंग सुचवला. एका शोरूममध्ये तर कॉम्प्युटरवर आमचाच हॉल दाखवला, इतका मोठा आणि उजेडाचा की आई म्हणाली, "हा कोणाचाय?"

तिसरी ही डिझायनर मुलगी. घरी आली, चहा घेतला, आणि अर्धा तास टेप पिशवीतून काढलीच नाही. सकाळी पहिलं कोण उठतं, दुपारी कोण आडवं होतं, डबे कुठे भरता, मुलं अभ्यासाला कुठे बसतात, असंच विचारत राहिली. आई पाचला उठते. दुपारी दोन ते चार झोपते. मी फर्स्ट शिफ्टला असलो की चारच्या सुमाराला येऊन टेकतो. मुलीचा दिवा रात्री अकरापर्यंत. हे सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "मग भिंतीतला पलंग नको, काकू. तीनदा पाडायचा आणि तीनदा उचलायचा पलंग महिन्याभरात पडलेलाच राहतो." शिवाय तो पाडायला समोर साडेसहा फूट मोकळं लागतं, म्हणजे तिथे टीपॉय, खुर्ची काहीच ठेवायचं नाही. महागडं काम तिने स्वतःहून नको म्हटलं, तिथेच मी निम्मा तयार झालो.

मग तिने जमिनीवर कागदी चिकटपट्टी लावली. दिवाण इथे, टेबल उघडल्यावर इथपर्यंत, कपाटाचं दार इथपर्यंत. म्हणाली, दोन दिवस असंच वावरून बघा, पट्टी ओलांडायची नाही. पहिल्या संध्याकाळी मुलगा टेबलाच्या पट्टीत उभा राहून दात घासत होता, तर आई ओरडली, "टेबलावर काय उभा राहतोस!" दुसऱ्या दिवशी कळलं की टेबल उघडं असताना बाथरूमकडे जायला फक्त सव्वा फूट उरतो आणि आईला आडवं होऊन जावं लागतं. टेबल दुसऱ्या भिंतीला सरकवलं. पट्टीचा खर्च शंभर रुपयेसुद्धा नसेल. पुढे कोणाकडूनही काम करून घ्या, हा प्रकार आधी स्वतःच करा.

शेवटी ठरलं ते असं. हॉलमध्ये आईसाठी पक्का दिवाण, खाली तीन मोठे ड्रॉवर. भिंतीला घडीचं टेबल. मिटलं की जेमतेम पाच इंच पुढे येतं, उघडलं की चौघं जेवतात आणि एरवी मुलीचा अभ्यास. बेडरूममध्ये आमचा हायड्रॉलिक बेड, त्याच्या बाजूने चाकांवर ओढून काढायचा मुलांचा बुटका पलंग. मुलगी मोठी झाली की तिची सोय वेगळी करावी लागेल, ते डोक्यात आहे. छताला लागून माळे. किचनमध्ये ट्रॉल्या.

माल मात्र मी तपासून घेतला. कोटेशनमध्ये सरसकट "वॉटरप्रूफ प्लाय" लिहिलं होतं. हा शब्द काहीच सांगत नाही. आयएस 303 या भारतीय मानकाच्या प्लायमध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार येतात. एमआर नुसती दमट हवा सोसतो, बीडब्ल्यूआर त्याहून बरा. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून मी आयएस 710, म्हणजे मरीन प्लायचाच आग्रह धरला, आणि शीटवरचा शिक्का कारखान्यात जाऊन पाहिला. कारखाना एमआयडीसीतच, मला वाटेवर. मोबाइलवर फोटो येत होते, पण फोटोवर माझा विश्वास नाही. कपाटांच्या पाठीला आणि भिंतीला मध्ये इंचभर जागा सोडायला लावली, कारण आमची पश्चिमेची भिंत जुलै-ऑगस्टमध्ये हाताला गार ओली लागते.

कारखान्यातलं कटिंग बघून बरं वाटलं. मशीनवर कापलेली कड सरळ, पट्टी गरम गोंदाने चिकटवलेली, नखाने उचकटून पाहिली तर हलली नाही. कपाटाच्या आत 32 मिमी अंतराने 5 मिमीची भोकं, त्यामुळे फळी वरखाली करता येते. मुलाच्या कपाटात आत्ता पाच फळ्या आहेत, उंच झाला की दोन काढू. सगळं स्क्रू आणि कॅमवर (फिरवून आवळायचे जोड), म्हणजे घर बदललं तर उघडून नेता येईल. दुसरा फायदा आमच्या लिफ्टने दाखवला. आठ बाय चारची अख्खी शीट त्यात शिरूच शकत नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी सुतार बसवला तेव्हा शीटा जिन्याने आल्या आणि दोन महिने पॅसेजमध्ये भुसा होता. आमचे तुकडे लिफ्टने आले, जोडणी चार दिवसांत झाली.

आता तक्रारी.

तीस दिवस म्हणाले होते, बावन्न लागले. तोंडी सांगितलेल्या भावात 18 टक्के जीएसटी नव्हता, तो बिलात उगवला. बजेट 3 लाखांचं होतं, गेले 3 लाख 41 हजार. हे दोन्ही नेहमीचंच, फार बोलत नाही.

खरा त्रास बेडने दिला. झाकण उचलायला दोन गॅसचे पंप असतात. आमच्या पंपांवर 1500 एन (न्यूटन) छापलेलं, म्हणजे एकेकाचा रेटा साधारण दीडशे किलोचा. पंप बिजागरीच्या जवळ बसतो, त्यामुळे एवढा जोर लागतो हे कबूल. पण तो जोर झाकण आणि गादीच्या वजनाला जुळला पाहिजे. त्यांनी आमची जुनी कापसाची जड गादी धरून पंप निवडले, आणि आम्ही तोवर हलकी फोमची गादी घेतली. गादी बदलणार का, हे त्यांनी विचारलं नाही. आम्ही सांगितलं नाही. पहिल्याच रात्री बायकोने कडी सोडली आणि झाकण असं उसळलं की उशा माळ्याला लागल्या. बंद करायचं तर दोघांनी वर बसायचं. आई दारातून म्हणाली, "गोधडी काढायला आता पैलवान बोलवा." दहा टक्के पैसे मी हातात ठेवले होते. तेवढ्यावरच अकरा दिवसांनी पंप बदलून 1200 चे आले. आता बायको एका हाताने उघडते. सगळे पैसे आधी देऊन टाकले असते तर अजून वर बसलो असतो.

दुसरं, भिंती. बिल्डरची भिंत आणि काटकोन यांचा संबंध नसतो; आमच्या बेडरूमच्या एका कोपऱ्यात वरखाली 22 मिमीचा फरक. मॉड्युलर कपाट चौकोनीच येतं, मग फटीत पट्टी भरतात. ती पट्टी त्यांनी वेगळ्या लॉटच्या सनमायकाची लावली. शेड किंचित पिवळी. माझ्याशिवाय कोणाला दिसत नाही, पण मला रोज दिसते.

आईचा कौल निराळाच. तिला सनमायका, प्लाय कशाचं काही नाही. कपाटांखाली चार इंची पाय आहेत आणि पुढची पट्टी ओढली की निघते, आत झाडू जातो, एवढ्यावर ती खूश. दिवाणाच्या पहिल्या ड्रॉवरमध्ये तिने कुरडया, पापड आणि सांडग्यांचे डबे लावलेत. मी कपडे ठेवायला सुचवलं होतं. मला गप्प बसवण्यात आलं. निफाडहून मावशी आली की ड्रॉवर उघडून दाखवण्याचा कार्यक्रम होतो.

2015 च्या सिंहस्थाला जुन्या घरात आमच्याकडे एका वेळी नऊ पाहुणे होते. नाशिकला घर आहे हे लोकांना बारा वर्षांनी एकदा नेमकं आठवतं. 2027 साठी चार गाद्या आणि सहा चादरी बेडच्या पोटात भरून ठेवल्या आहेत. ओढायचा पलंग आणि टेबल मिटलेला हॉल धरून सात माणसं झोपतील, असं आम्ही पट्ट्या लावून पाहिलंय. आठव्याला पंचवटीत सोय बघावी लागेल.

तिसरा ड्रॉवर अजून घासतो. चॅनेल, म्हणजे ड्रॉवर सरकतो ती पट्टी, दोन मिमी तिरकं बसलंय, मी मोजून फोटो पाठवला. माणूस शनिवारी येतो म्हणालाय. हा तिसरा शनिवार.