नाशिकहून अंदमान: पॅकेज कसं होतं, नील बेटावरचं जेवण कसं होतं

डिसेंबरात आम्ही चौघं अंदमानला जाऊन आलो. मी, नवरा, सासूबाई आणि आण्णा. आण्णा म्हणजे माझे सासरे, मूळचे भगूरचे, म्हणजे सावरकरांच्याच गावचे. सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढंच त्यांचं कितीतरी वर्षांपासून चाललं होतं. बुकिंग नाशिकमधल्याच एका टूरवाल्यांकडे केलं. सहा रात्री, माणशी २८,००० रुपये, विमानाचं भाडं वेगळं. त्यात हॉटेलं, गाड्या, बोटीची तिकिटं आणि एमएपी, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण.

गाड्या वेळेवर आल्या, खोल्या स्वच्छ होत्या, चालक सगळे अदबीने वागले. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांनी हातात दिलेल्या कागदाची. शेवटच्या दिवशी सकाळी नीलहून बोट आणि दुपारी दोनला परतीचं विमान, असं त्यावर छापलेलं होतं. मी बुकिंगच्या वेळीच म्हटलं, बोट रद्द झाली तर? "ताई, काही होत नाही, आम्ही नेहमी असंच करतो." मी हट्टाने पोर्ट ब्लेअरची एक रात्र शेवटी घालून घेतली आणि हॅवलॉक बेटावरची एक कमी केली. पुढे हॅवलॉकहून नीलला जाणारी आमची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली. दुपारपर्यंत जेटीवर बसून राहिलो, मग दुसऱ्या बोटीत जागा मिळाली. तीच गोष्ट शेवटच्या दिवशी झाली असती तर चार विमानतिकिटं पाण्यात गेली असती. कोणाकडूनही बुकिंग करा, पण विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवा.

तिकिटं बघताना नावांकडेही लक्ष द्या. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, नील शहीद द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. कुठे जुनं नाव दिसतं, कुठे नवं. सासूबाई तर आपल्याला भलतीकडेच पाठवतायत म्हणून घाबरल्या होत्या.

हॅवलॉकचं हॉटेल विजयनगर किनाऱ्यावर, पूर्वेला. सूर्यास्त बघायला राधानगरला, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या अंगाला जावं लागतं. तिथे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. आपल्या नाशिकच्या सवयीने चहा घेऊन साडेचारला निघालात तर हाती अंधारच लागेल. रात्रीचं बुफे जेवण मात्र अगदी बेचव. पनीर, फ्लॉवर, दाल, रोज तेच. एमएपी घेऊ नका, नुसत्या नाश्त्याचा सीपी घ्या आणि रात्री बाहेर जेवा.

बाहेर जेवायचं म्हणजे काय, ते नीलला कळलं. तिथलं आमचं होमस्टे एका बंगाली कुटुंबाचं, पाचच खोल्या, मागे त्यांचीच वांगी आणि दुधी लावलेला. नीलवर भाजी भरपूर पिकते. सासूबाई शुद्ध शाकाहारी, त्यामुळे होमस्टेच्या वहिनींनी आधीच विचारून त्यांच्यासाठी वेगळा तवा काढला. हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात वांग्याच्या जाड चकत्या तळल्या. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपले काप! तेल तेवढं वेगळं." आम्हा तिघांना सुरमईचं पातळ कालवण, भात आणि लिंबू. मी तीनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. भगर आणि दाण्याचं कूट मी नाशिकहूनच नेलं होतं. कॅलेंडरात चंद्रोदय नऊच्या सुमाराचा, म्हणून सासूबाई वाट बघत बसलेल्या. पण ती वेळ मुंबईची. अंदमान आपल्यापेक्षा किती पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. आठच्या आधीच चंद्र समुद्रातून वर आलेला, लालसर, आणि त्याची वाट थेट वाळूपर्यंत. त्यांनी तिथेच उभं राहून हात जोडले. हे कोणत्याही कागदावर नव्हतं.

कागदावर होतं ते असं: नॅचरल ब्रिज, सकाळी अकरा. होमस्टेच्या दादांनी तो वाचून नुसती मान हलवली. त्या खडकाच्या कमानीपर्यंत ओहोटीलाच चालत जाता येतं, आणि ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. आमच्या दिवशी ती सकाळी साडेसहाला होती. सहालाच निघालो. डबक्यांत छोटे मासे, खेकडे, काळ्या समुद्रकाकड्या. प्रवाळ तुटू नये म्हणून आण्णा काठी टेकवायच्या आधी प्रत्येक वेळी खाली बघत होते. अकरापर्यंत तिथे पाणी चढलेलं होतं.

वाढवून घेतलेल्या रात्रीचा खरा उपयोग झाला तो आण्णांना. पहिल्या दिवशी टूरच्या गाडीतून सेल्युलर जेल तासाभरात उरकला होता. शेवटच्या दुपारी आम्ही दोघंच पुन्हा गेलो. जेलच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांना १९११ मध्ये इथे आणलं, ती कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. जिना चढताना आण्णा दोनदा थांबले, पण हात धरू दिला नाही. आत जाऊन भिंतीला तळवा लावून उभे राहिले. गाईडबरोबर एक घोळका आला, फोटो काढून गेला. दुसरा आला, तोही गेला. मी बाहेर व्हरांड्यात बसून राहिले. आज आम्हाला कुठलीच बोट गाठायची नव्हती.