इंडिकेटरचा बझर: कान किटले, पण सवय लागली

वळून झालं तरी इंडिकेटर चालूच, हा माझा जुना रोग. कोथरूडपासून डेक्कनपर्यंत उजवा दिवा मिचकावत जायचो. शेवटी बायकोने मागे बसायला साफ नकार दिला, तेव्हा नाना पेठेतून बझर आणला. दीडशे रुपये, बसवायचे पन्नास वेगळे.

दिवा लावला की पीं-पीं सुरू. आवाज इतका खणखणीत की नळ स्टॉपच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघतो. (त्याचा स्वतःचा इंडिकेटर म्हणजे बाहेर काढलेला पाय.)

घोळ एकच झाला. मी आधीच एलईडी बल्ब टाकले होते. ते वीज कमी खातात, त्यामुळे जुन्या फ्लॅशरला (म्हणजे दिवा मिचकावणाऱ्या भागाला) वाटतं बल्ब उडालाय, आणि दिवा भराभर मिचकतो. नियमाने मिनिटाला ६० ते १२० वेळा हवा. एलईडीचा फ्लॅशर वेगळा घ्यावा लागला. दुकानदाराने हे आधीच सांगायचं ना! पावसात भिजून आवाजही जरा बसलाय.

तरी पैसे वसूल. काल अलका चौकात मात्र वेळेवर डावा दाखवला, तर मागच्याने नेमकी डावीकडूनच गाडी घातली. पाचातला एक तारा त्याच्या नावाने कापतो.