पत्ता सांगा, शाळा घ्या : न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपची सेवा

शाळेच्या नोंदणी दप्तराच्या कामाला पाचपैकी साडेचार, शाळांच्या हद्दीच्या आखणीला अडीच. गुण वेगवेगळे देतोय, कारण काउंटरवर बसणारी माणसं वेगळी आणि नकाशावर रेघ मारणारी वेगळी. एकाचा राग दुसऱ्यावर कशाला काढा?

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. नोकरीभर दुसऱ्यांच्या बांधांची भांडणं ऐकली, त्यामुळे हद्द म्हटलं की कान टवकारतात. सध्या मुक्काम न्यू जर्सीत, मुलीकडे. नात पाचवी संपवून सप्टेंबरात मिडल स्कूलला जाणार. मिडल म्हणजे इथे सहावी ते आठवी. त्याच उन्हाळ्यात मुलीनं भाड्याचं घर बदललं. टाउनशिप, म्हणजे इथली गावपालिका, तीच, पण तिच्यात मिडल स्कूल एकाहून जास्त. त्यातली कुठली मिळणार हे मार्कांवर ठरत नाही, देणगीवर नाही, ओळखीवर तर नाहीच. घर नंबर सांगा, शाळा कळते. टाउनशिपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नातीला अजून तिथंच शिकायचंय.

आधी वेबसाइट. नंबर टाकायचा, रस्त्याचं नाव यादीतून निवडायचं, की प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल अशी तीन नावं समोर. लॉगिन नाही, ओटीपी नाही, ‘नंतर प्रयत्न करा’ नाही. आमच्याकडे सातबारा ऑनलाइन बघताना जो घाम फुटायचा तो आठवून मला हेवाच वाटला. खोट एवढीच की हे पान फक्त उत्तर देतं, हद्द दाखवत नाही. हद्दीचा नकाशा वेगळ्या पीडीएफमध्ये, आणि त्यातली रेघ इतकी जाड की तिच्याखाली अख्खी गल्ली झाकली जाते. ज्याचं घर त्या रेघेखाली आहे त्यानं काय समजायचं?

आता खरी गंमत. ज्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये घर बघितलं त्याचं लीजिंग ऑफिस मोठ्या रस्त्यावर. जाहिरातीत, कागदावर, गुगलवर सगळीकडे त्याच ऑफिसचा पत्ता. जावयांनी तो टाकला तर एक मिडल स्कूल आली. मी म्हटलं, “ऑफिसात कोण राहणार आहे? आपल्या इमारतीचा नंबर टाका.” मागच्या इमारतींचा रस्ता वेगळा, नंबर वेगळे. टाकला तर दुसरीच शाळा! कॉम्प्लेक्स एक, स्विमिंग पूल एक, भाडं घेणारी कंपनी एक, पण पोरं दोन शाळांत. एजंटबाई मात्र ठामपणे पहिल्याच शाळेचं नाव सांगत होत्या. म्हणून ज्यांना इथे घर घ्यायचंय त्यांना सांगतो, सही करण्याआधी नेमका इमारत नंबर टाकून बघा, आणि घरांच्या साइटवर जी शाळा दिसते ती फक्त अंदाज समजा. त्या साइट स्वतःच बारीक अक्षरांत लिहितात की स्कूल डिस्ट्रिक्टकडून (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून) खात्री करून घ्या. ते बारीक अक्षर वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

पोस्टाचा घोळ त्याहून मोठा. इथे पत्त्यातलं गावाचं नाव पोस्ट ऑफिस ठरवतं, शाळा ठरते टाउनशिपवरून. पत्त्यावर ‘प्रिन्स्टन’ लिहिलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक किंवा लॉरेन्सच्या हद्दीत आहेत. पत्र प्रिन्स्टनचं, शाळा भलतीकडची. त्यात या एवढ्याशा राज्यात पाचशेहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट, प्रत्येकाचं बोर्ड (कारभार बघणारं मंडळ) वेगळं, कर वेगळा. पिनकोड बघून शाळा ठरवणारा माणूस इथे नक्की फसतो.

नोंदणीच्या ऑफिसात मी हट्टानं बरोबर गेलो. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही तिथे काही बोलू नका हं.” नाही बोललो. बघितलं मात्र सगळं. काउंटरवरच्या बाईंनी भाडेकरार उघडला आणि पहिल्यांदा शेवटचं पान बघितलं: सह्या आहेत का, तारीख कुठली. मग पहिल्या पानावर घरमालकाचं नाव. मग वीज कंपनीचं पत्र, कारण नव्या घराचं पहिलं बिल अजून यायचं होतं. करारात घर ‘१४-बी’ आणि पत्रात ‘१४बी’. मी श्वास रोखून बसलो, कारण एवढ्याशा आडव्या रेघेसाठी माणसं परत पाठवलेली मी पाहिली आहेत (पाठवणाऱ्यांत कोण होतं ते विचारू नका). बाईंनी पेन्सिलीनं एक टिंब दिलं आणि पान उलटलं. सातबारा आणि मतदार यादी यांत आडनावाच्या वेलांटीवरून जन्म घालवलेल्या माणसाला हे बघून काय वाटतं ते शब्दांत येत नाही.

घरी येऊन राज्याचे नियम वाचून काढले. नियम वाचल्याशिवाय मला जेवण पचत नाही. चांगले आहेत. अमुकच एक कागद आणा असं अडून बसता येत नाही. करार, बिलं, पत्रं, जे काही असेल ते सगळं एकत्र बघून ठरवायचं. आयकराचं रिटर्न मागायचं नाही, व्हिसाचे कागद तर अजिबात नाही. मुलाचा देशातला कागदोपत्री दर्जा काहीही असो, सरकारी शाळा नाकारता येत नाही, हे तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात सांगून ठेवलंय. घर गेलं म्हणून नातेवाइकांकडे किंवा मोटेलमध्ये राहणाऱ्या मुलांसाठी १९८७ चा मॅककिनी-व्हेंटो कायदा आहे. त्यांना पत्त्याच्या पुराव्याविना प्रवेश द्यायचा आणि जुन्या शाळेत राहायचं असेल तर राहू द्यायचं. डिस्ट्रिक्टनं ‘तुम्ही इथले रहिवासी नाही’ असं ठरवलं तर लेखी कळवायचं, बोर्डापुढे सुनावणी, आणि तिथेही हरलात तर २१ दिवसांत शिक्षण आयुक्तांकडे अपील. तोवर पोरगं वर्गात बसतं. आमच्या महसूल खात्यात अपील चालू असताना पीक कोण कापणार यावरून डोकी फुटायची, इथे निदान त्याचा विचार आधी केलाय.

पण हे सगळं हद्दीच्या आत राहणाऱ्यांसाठी. बाहेरच्यानं खोटा पत्ता दिला तर मात्र गंमत नाही. न्यू जर्सीत जितके दिवस मूल शाळेत बसलं तितक्या दिवसांची फी वसूल करता येते. ओहायोत अ‍ॅक्रनच्या एका आईनं मुलींसाठी आपल्या वडिलांचा, म्हणजे शेजारच्या डिस्ट्रिक्टमधला पत्ता दिला, तर २०११ साली तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवून तुरुंगात धाडलं. पुढे गव्हर्नरनी गुन्ह्याची तीव्रता कमी केली, पण तुरुंगवास भोगून झाला होता. मुलींच्या आजोबांचा पत्ता! हे वाचून मी जागेवरून उठलो आणि उगाच गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या.

आणि म्हणूनच आखणीला अडीच. आमच्या समोरच्या रस्त्यावर हद्द मधोमध जाते. सम नंबरांना एक शाळा, विषम नंबरांना दुसरी. प्राथमिक शाळेत मात्र दोन्ही बाजूंची पोरं एकत्र, म्हणजे पाच-सहा वर्षं एका बाकावर बसलेल्या मैत्रिणी सहावीत वेगळ्या. नातीची जिवलग मैत्रीण रस्त्यापलीकडे राहते, तिची बस वेगळ्या दिशेला जाते. मोठा रस्ता, ओढा, रेल्वे अशी काही निसर्गाची नाहीतर माणसानं केलेली खूण असेल तर हद्द तिथून न्यावी, हे आमच्या खात्यात शिपायालाही कळतं. इथे म्हणे दोन्ही शाळांतली पटसंख्या सारखी ठेवायला रेघ वळवली. पटसंख्येचं कारण पटतं, पण मग अख्खी प्राथमिक शाळाच एका बाजूला का घालत नाहीत? बोर्डाच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग बघितलं. माणशी तीन मिनिटं बोलायला. एका गृहस्थांनी नकाशा फळ्यावर चिकटवून आपलं घर दाखवायला सुरुवात केली आणि घर सापडेपर्यंत घंटा वाजली.

रेघेची किंमत भाड्यात निघते. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये पुढच्या इमारतींचं भाडं जास्त; ‘व्ह्यू चांगला आहे’ म्हणतात, दिसतं पार्किंग. १९९९ साली सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांत प्राथमिक शाळांच्या हद्दीला लागून असलेली अलीकडची-पलीकडची घरं ताडून बघितली होती. परीक्षेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असले तर त्या बाजूच्या घरासाठी लोक साधारण अडीच टक्के जास्त मोजत होते. त्यानंतर साइटवर शाळेच्या नावापुढे एक ते दहाचा आकडा लावायची पद्धत आली. आता आमच्या लोकांच्या गप्पांत शाळेत काय शिकवतात हे कमी आणि ‘आमची नऊ, तुमची सात’ हेच जास्त. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये अ‍ॅबट खटल्यात गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत डिस्ट्रिक्टइतका पैसा द्यायला लावला, ही मोठी गोष्ट. पण पैसा हद्द ओलांडून गेला तरी पोरं हद्दीतच राहिली.

जावयांचं मत वेगळं. ते म्हणतात, पत्ता सोडा आणि लॉटरी काढा. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट १५ मध्ये तसं केलंय: २०१८ च्या योजनेनं मिडल स्कूलांसाठी मुलांचे गुण आणि हजेरी बघणं बंद झालं, लॉटरी आली, आणि प्रत्येक शाळेत ५२ टक्के जागांवर कमी उत्पन्नाच्या, इंग्रजी शिकत असलेल्या किंवा बेघर मुलांना अग्रक्रम मिळाला. ऐकायला न्याय्य, आणि तिथे सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे आहे. इथे बस चुकली की पोरगं घरी. शिवाय पत्त्यानं जून महिन्यातच सगळं कळतं, कुणाच्या दारात जावं लागत नाही, हा मोठा गुण मला तरी सोडवत नाही. पद्धत तीच ठेवा, रेघ नीट मारा.

राहिली बस. राज्याचा नियम असा की आठवीपर्यंतचं मूल शाळेपासून दोन मैलांहून लांब राहत असेल तर बस फुकट द्यायची. त्याहून जवळ असाल तर चाला, सोडायला जा, नाहीतर जागा उरली तर पैसे भरून पास घ्या. आमचं अंतर ऑफिसनं काढलं १.९६ मैल. फोनवर गाडीचा रस्ता २.१ दाखवतो, पण त्याला अर्थ नाही. नियमात घराच्या दारापासून शाळेच्या सगळ्यात जवळच्या दारापर्यंत, सार्वजनिक रस्त्यानं किंवा पायवाटेनं, जवळात जवळचा मार्ग धरतात. तेव्हा मी सकाळी टोपी घालून त्यांचाच मार्ग चालत निघालो. शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या मागून त्यांनी जी पायवाट धरलीय ती थेट त्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमधून जाते, आणि तोंडाशी पाटी आहे: ‘खासगी मालमत्ता, फक्त रहिवाशांसाठी’. म्हणजे वहिवाट असेल, सार्वजनिक रस्ता नाही. ती वळसा घालून टाळली तर अंतर दोनच्या पुढे जातं.

पाटीचा फोटो, मार्गाचा कच्चा नकाशा आणि फेरमोजणीचा अर्ज असं मुलीच्या सहीनं वाहतूक विभागाला पाठवलंय. अर्ज मिळाल्याची पोच त्याच दिवशी आली, त्यासाठी दप्तराच्या गुणात अर्धा वाढवायला हरकत नाही. मोजणीचं उत्तर आलं की इथेच खाली भर घालतो.