टीडीएस '१९४जे'त कापला, म्हणून तुम्ही कर्मचारी नाही?

नागपुरात आयटीची पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनी हे वाचावं, आणि त्यांच्या आईवडिलांनीही. १९४जे म्हणजे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम: पगाराऐवजी प्रोफेशनल फी म्हणून पैसे दिले की टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, या कलमाखाली कापायचा. पुण्यात चौघांत खोली करून राहण्यापेक्षा घरचं जेवून इथंच काम मिळतंय, ही ओढ काही मालकांना बरोबर कळते.

२०१९ मध्ये गायत्रीनगरच्या आयटी पार्कातल्या एका कंपनीत मी टेस्टिंगला लागले. नेमणूकपत्राऐवजी 'कन्सल्टंट करार' समोर आला. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "पगारावर घेतलं तर पीएफ कापला जाईल, टॅक्स लागेल. कन्सल्टंट असशील तर फक्त दहा टक्के टीडीएस, तोही रिटर्न भरला की परत. वरून ४४एडीए आहे, निम्म्याच रकमेवर टॅक्स. तुझाच फायदा आहे नं!"

हा फायदा कागदावर मांडून बघा. शेवटी मला महिन्याला ४५,००० रुपये मिळत, म्हणजे वर्षाला ५,४०,०००. हाच पगार असता तर जुन्या करपद्धतीतही ५०,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ४,९०,००० उरले असते, आणि पाच लाखांपर्यंत ८७ए ची सवलत असल्याने कर शून्य. जो कर वाचवून देतो म्हणाले, तो मला लागणारच नव्हता. उलट वर्षाला ५४,००० टीडीएसमध्ये अडकायचे आणि रिफंडची वाट बघावी लागायची. पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम), पगारी रजा हे सगळं वाचलं ते कंपनीचं.

काम मात्र नोकरीचंच होतं. साडेनऊला अंगठा, उशीर झाला की अर्ध्या दिवसाचे पैसे कट. लॅपटॉप कंपनीचा, रजेला मॅनेजरची परवानगी आणि बाहेरचं काम घ्यायला करारातच बंदी. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण बाळंतपणासाठी थांबली, तेव्हा तिला सांगितलं, "कन्सल्टंटला कसली मॅटर्निटी लीव्ह?" २०१७ पासून कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तिला एक रुपया मिळाला नाही, आणि परतल्यावर जागाही नाही. तिच्याबद्दलचा राग माझा अजून गेलेला नाही.

२०२५ मध्ये मलाही काढलं. ग्रॅच्युइटी मागितली तेव्हा लेखी उत्तर आलं: तुम्हाला फॉर्म १६ (पगारावरच्या टीडीएसचा दाखला) नाही, १६ए (इतर रकमांवरच्या टीडीएसचा) मिळतो; प्राप्तिकर खात्यानेच तुम्हाला प्रोफेशनल मानलं आहे.

खरी फसवणूक या एका वाक्यात आहे. प्राप्तिकर खात्याने काहीही मानलेलं नसतं. टीडीएस कोणत्या कलमाखाली कापायचा, ते पैसे देणारा ठरवतो. कंपनीने १९४जे निवडलं, म्हणून १६ए आला. स्वतःच लावलेलं लेबल सरकारी निर्णय म्हणून दाखवायचं, असा हा प्रकार. तुम्ही कर्मचारी आहात की नाही हे कामगार कायद्यात ठरतं, आणि तिथे काम कसं चालतं ते बघतात: कामावर ताबा कुणाचा, साधनं कुणाची, काम नाकारण्याचा अधिकार कुणाकडे. १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांनाही कर्मचारी ठरवलं. काही जण कापड घरी नेऊन शिवत, तरीही.

तुमचं रिटर्न 'व्यवसाय उत्पन्न' म्हणून भरलेलं असेल तर समोरचा वकील ते दाखवणारच. तो पुरावा तुमच्या विरोधातच जातो, पण त्या एकट्यावर निकाल लागत नाही. आणि ज्याचे चार ग्राहक आहेत, जो स्वतःच्या वेळेने काम करतो, त्याचा टीडीएस प्रोफेशनल म्हणून कापणं योग्यच आहे. माझं भांडण फ्रीलान्सिंगशी नाही.

करार हातात आला की एकच विचारा: मला दुसऱ्या कंपनीचं काम घेता येईल का? 'नाही' म्हणाले तर नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि त्यांत कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. आधीच अडकले असाल तर हजेरीचे आणि रजेच्या मंजुरीचे मेल, पैसे कापल्याचे मेसेज, ओळखपत्राचा फोटो, सगळं आजच स्वतःकडे घ्या. काढल्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो. पीएफचा हक्क बुडाला असेल तर पीएफ कार्यालयात तक्रार करता येते. तिथल्या चौकशीत कर्मचारी कोण हे ते तपासू शकतात.

ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे: शेवटचं मूळ वेतन (महागाई भत्ता असेल तर तो धरून) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. पूर्ण ४५,००० मूळ धरले तर माझ्या सहा वर्षांचे १,५५,७६९ रुपये होतात. त्यासाठी मी १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला आहे. कंपनीने उत्तरासोबत माझे सगळे १६ए जोडलेत, मी हजेरीची पत्रकं जोडली आहेत. मैत्रिणीनेही आता तिचे कागद वकिलाकडे दिले आहेत.