कोनोफायटम, गिबियम की केरिडॉप्सिस?

दक्षिण आफ्रिकेचा नामाक्वालँड आणि त्याला लागून असलेला नामिबियाचा दक्षिण भाग येथे पाऊस प्रामुख्याने हिवाळ्यात पडतो. त्यामुळे तिथल्या बुटक्या रसाळ वनस्पती गारव्यात वाढतात आणि कोरडा उन्हाळा सुप्तावस्थेत काढतात. कोनोफायटम, गिबियम आणि केरिडॉप्सिस या अशा तीन रसाळ वनस्पतींपैकी कोणती वाढवावी हे ठरवताना फुलांच्या रंगापेक्षा आपल्याकडच्या उन्हाळी रात्री कशा असतात याचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. या वनस्पती आपली पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मुख्यतः रात्री उघडतात. रात्रीही हवा तापलेली राहिली तर त्यांना पाणी राखणे जड जाते आणि त्याच वेळी माती ओली असली तर मुळे कुजतात.

कोनोफायटम तिघांत सर्वांत विलक्षण आहे. शंभराहून अधिक जातींच्या या गटात वाटाण्याएवढ्या गोलसर जोडपानांपासून बिलोबम या ठळक दुभंगलेल्या जातीपर्यंत मोठे वैविध्य आढळते. उन्हाळ्यात जुनी पाने वाळून कागदासारखे आवरण बनतात आणि नवे शरीर त्याच्या आत सुरक्षित राहते. झाड मेले असे समजून ते आवरण सोलू नये. शरद ऋतूच्या सुमारास पाणी सुरू केले की आवरण फाटते आणि बहुधा त्याच काळात फुले येतात. काही जातींची फुले रात्री उमलतात व सुगंधी असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने बिलोबम जातच घ्यावी, कारण ती दणकट आहे आणि तिची पिवळी फुले आकाराने मोठी असतात. मात्र ज्याला पाणी द्यायचा मोह आवरत नाही, त्याने कोनोफायटमच्या वाटेला जाऊ नये.

गिबियम मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्याच लिटल कारू या प्रदेशातले आहे. तिथे पाऊस एकाच ऋतूत एकवटलेला नसल्याने ते वेळापत्रकाबाबत किंचित सहनशील असते. त्याच्या बऱ्याच जातींत जोडीतली दोन पाने असमान असतात. ऐन हिवाळ्यात पांढरी किंवा गुलाबी फुले हवी असतील तर हेच निवडावे.

केरिडॉप्सिसला भरपूर थेट ऊन लागते. ते कमी पडले तर पाने लांबट व विरळ होतात. फुले मात्र मोठी, बहुतेक पिवळी असतात. उजेड मर्यादित असल्यास मी ते सुचवणार नाही.

तिघांनाही खनिजयुक्त, झटपट निचरा होणारी माती हवी: प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा जाडसर वाळू अधिक, सेंद्रिय भाग थोडा. लिथॉप्स ही गारगोटीसारखी दिसणारी रसाळ वनस्पती मात्र त्यांच्यासोबत एकाच पाणी-वेळापत्रकात बसवू नये, कारण तिची नवी पाने हिवाळ्यात जुन्या पानांतले पाणी शोषून वाढतात आणि तेव्हा तिला कोरडे ठेवावे लागते.

खरेदीपूर्वी रोप बियांपासून रोपवाटिकेत वाढवलेले आहे ना, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. विशेषतः कोनोफायटमची नैसर्गिक अधिवासातून होणारी चोरी 2019 नंतर दक्षिण आफ्रिकेत चिंताजनक वाढली असून, एखाद्याच डोंगरउतारावर आढळणाऱ्या जातींना त्यामुळे नामशेष होण्याचा धोका आहे. वयस्क, खरचटलेले, मुळे तुटलेले झुबके स्वस्तात मिळत असतील, तर ते घेऊ नयेत.